वीज गेली, तर प्रवाळांच्या टाकीचं काय?

प्रश्न : कासुर्डीत (ता. दौंड) वीज चार-पाच तास गेली, तर घरातली प्रवाळांची टाकी कशी जगवावी?

उत्तर : १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रीड बिघडून मुंबईचीही वीज तासन्‌तास गेली होती, तेव्हा तयारी सगळीकडेच हवी. दिवसभराच्या अंधाराने प्रवाळ मरत नाहीत. आधी संपतो तो ऑक्सिजन. मासे वर येऊन भराभर कल्ले हलवू लागले, की उशीर झालाच समजावं.

म्हणून बॅटरीवरचा एअर पंप लगेच लावावा. इन्व्हर्टरवर फक्त पाणी खेळवणारा पंप, दिवे नाहीत. खाद्यही बंद.

उन्हाळ्यात धोका दुप्पट, कारण तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. पारा २८ अंशांपुढे सरकला, की बर्फाची झाकणबंद बाटली टाकीत तरंगवावी. वीज आल्यावर कॅनिस्टर फिल्टरमधलं साचलेलं पाणी आधी फेकून द्यावं, मगच तो सुरू करावा.