टॅबच्या पोटात कोण?
सेकंडहँड टॅब घेताना दुकानदार 'ऑक्टाकोर आहे' म्हणाला, की मी पैशांआधी बॅगेतून केबल काढते. आठ कोअर ठीक, पण कुठले? बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, यूएसबी डीबगिंग चालू करा, लॅपटॉपवरून 'एडीबी शेल' उघडा आणि 'कॅट /प्रॉक/सीपीयूइन्फो' द्या (टाइप मात्र इंग्रजीतच!). इम्प्लिमेंटर ०एक्स४१ म्हणजे एआरएम; ४१ हा 'ए'चा आस्की कोड, गंमतच आहे. पार्ट ०एक्सडी०३ म्हणजे कॉर्टेक्स-ए५३. आठही ठिकाणी हाच दिसला तर सगळे कोअर साधे, सूचना आल्या त्याच क्रमाने चालवणारे. वीज कमी खातात, पण जड काम दिलं की रखडतात. शिवाय चिप ६४-बिट असूनही वर अँड्रॉइड ३२-बिटच टाकलेलं असू शकतं. मग फक्त ६४-बिटवर चालणारं ॲप तिथे बसतच नाही.