मशीन नेट का ओढून घेते?

प्रश्न : मी घरी शिवणकाम करते. घागऱ्याचं नेट मशीनला लावलं की सुरुवातीलाच खाली ओढलं जातं. काठ दुमडले तर जाड दिसतात. परवा तर इस्त्री टेकवताच भोक पडलं. माल हलका निघाला का? असं कापड धुवावं कसं?
– एक वाचक, घोडेगाव (ता. नेवासा)

उत्तर : ताई, दोष मालाचा नाही, उष्णतेचा आहे. बाजारातलं बहुतेक नेट नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं असतं. नायलॉनचा एक प्रकार २२० अंशांच्या आसपास वितळतो आणि त्याआधीच मऊ पडतो. सुती कपड्यांसाठी तापवलेली इस्त्री २०० अंशांच्या घरात असते, म्हणजे भोक पडणारच! इस्त्री सर्वांत कमी ठेवा, वर मलमल अंथरा.

काठ दुमडायचे कशाला? नेटची जाळी सहसा उसवत नाही. धारदार कात्रीने कापून तसंच सोडा; टोचत असेल तर सॅटिनची पट्टी लावा.

शिवताना ९ किंवा ११ नंबरची नवी सुई घ्या, टाका थोडा मोठा ठेवा आणि खाली पातळ कोरा कागद धरा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा, म्हणजे कापड खाली जाणार नाही. शिवून झालं की कागद हलकेच फाडून काढा.

साधं नेट गार पाण्यात, सौम्य साबणाने हाताने धुवा. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवं पसरा. टिकल्या चिकटवलेल्या असतील तर ड्रायक्लीनिंगलाही देण्याआधी विचारा, काही द्रावणांत गोंद सुटतो.