घोड्यावरचे घर

भाताची कापणी होते, खळ्यावरची मळणी उरकते आणि पालघरच्या आसपासची शिवारे मोकळी पडतात. बोईसरहून तारापूरकडे जाताना आवणांत केवळ धसकटे उरलेली दिसतात. या दिवसांत आपल्या जिल्ह्यात माणसांची मोठी हालचाल सुरू होते. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतील कितीतरी आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामाला उतरतात. दूरदूरच्या प्रांतांतून आलेले कामगार तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत राबतात व लहानशा खोल्यांत राहतात. ही सारी माणसे आपले घर मागे ठेवून आलेली असतात. परंतु याच ऋतूत सह्याद्री ओलांडून कोकणात उतरणारे आणखीही काही लोक आहेत. ते घर मागे ठेवीत नाहीत. घरच बरोबर घेऊन येतात. ते म्हणजे दख्खनच्या पठारावरील मेंढपाळ धनगर.

मुलांनो, नकाशा उघडून पाहा. सह्याद्रीच्या पश्चिमेला कोकणाची चिंचोळी पट्टी आहे आणि पूर्वेला उंच पठार पसरले आहे. अरबी समुद्रावरून येणारे पावसाळी वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपला बहुतेक पाऊस अलीकडेच पाडून टाकतात. म्हणून कोकणात वर्षाला दोन ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि पठारावरील माण, खटाव, पारनेर यांसारख्या तालुक्यांत पाचशे मिलिमीटर पडला तरी ते वर्ष बरे गेले असे म्हणतात. या भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. तेथील माळरान खडकाळ असते. उन्हाळ्यात दिवसा ते तापून निघते, हिवाळ्यात रात्री अंग गारठवते. अशा भूमीवर दाट शेती होत नाही; पण आखूड गवत आणि काटेरी झुडपे यांवर मेंढी मात्र जगते. दख्खनी जातीची मेंढी काटक असून दूरवर चालण्यास समर्थ असते.

मात्र मेंढीला एक गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे सततची ओल. चिखलात उभे राहून तिचे खूर कुजतात आणि भिजलेल्या अंगाला गारवा बाधतो. पावसाळ्यात कोकण तिला वर्ज्य. त्या दिवसांत पठारावर बेताचा पाऊस पडून माळ हिरवे होतात, म्हणून मेंढपाळ आपल्या गावी असतात. दिवाळीनंतर ते गवत वाळते व संपते, ओढे आटू लागतात. नेमक्या त्याच वेळी कोकणातील भातशेते रिकामी झालेली असतात. तेथे धसकटे, बांधावरचे गवत आणि पाणीही असते. एका प्रदेशाची उणीव जेव्हा वाढते, तेव्हा दुसऱ्या प्रदेशाचे दार उघडते. हे दार केव्हा उघडते आणि केव्हा मिटते, हे ओळखण्यावरच मेंढपाळाचे सारे जीवन अवलंबून असते. मृग नक्षत्राच्या आधी घाट चढून परत गेलेच पाहिजे, हा त्यांचा नेम आहे.

हा प्रवास एकट्यादुकट्याचा नसतो. काही कुटुंबे एकत्र येऊन जो तळ करतात, त्याला ‘वाडा’ म्हणतात. आपण वाडा म्हटला की दगडी जोते व दिंडीदरवाजा आठवतो. धनगरांच्या वाड्याला ना जोते, ना दरवाजा. वाड्याचा एक कारभारी असतो. उद्याचा मुक्काम कोठे, पाणी कोठे, कोणत्या शेतकऱ्याशी बोलणी करायची, हे सर्वांशी विचारविनिमय करून तो ठरवितो. पारनेर-संगमनेरकडचे वाडे माळशेज घाटाने उतरून कल्याण-भिवंडीच्या भातपट्ट्याकडे येतात. दक्षिणेकडील वाडे अन्य घाट धरतात. शंभर किलोमीटरांहून अधिक अंतराची ही वाट मेंढरे चरत चरत तुडवितात.

पहाट होताच आवराआवर सुरू होते. पुरुष मेंढरे घेऊन शिवारातून पुढे जातात. संसार घोड्यांवर लादण्याचे काम स्त्रियांचे असते, आणि ते सोपे नाही. ओझे दोन्ही बाजूंना समतोल बसले नाही, तर घोड्याची पाठ सोलते. भांडीकुंडी, धान्याची पोती, पाण्याचे हंडे, तंबूचे कापड व काठ्या, कोंबड्यांची डालगी, अंथरुणे अशी सारी रचना एकावर एक होते. त्यावर नुकतीच जन्मलेली कोकरे आणि चालता न येणारी मुले यांना जागा मिळते. राखणीची कुत्री मागेपुढे धावत असतात. तासाभरापूर्वी जेथे चूल पेटलेली होती, तेथे तीन काळे दगड आणि थोडी राख एवढेच उरते.

सायंकाळी नव्या जागी हेच घर पुन्हा मांडले जाते. मेंढरांभोवती जाळ्याचे कुंपण उभारतात. त्याला ‘वाघूर’ म्हणतात. माळावर लांडग्याचे भय, घाटात बिबट्याचे. म्हणून रात्री आळीपाळीने जागावे लागते. या घरातील सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे विचाराल तर तिचे नाव घोंगडी. मेंढीच्याच लोकरीची ही घोंगडी अंथरूण होते, पांघरूण होते, पावसात डोक्यावरची खोळ होते आणि उन्हात सावली होते. लोकर भिजली तरी बरीचशी ऊब राखून ठेवते. विणण्यापूर्वी ताण्याला चिंचोक्यांची खळ लावतात, त्यामुळे धागा ताठ व बळकट होतो. ज्या प्राण्यामागे हिंडायचे, त्याच प्राण्याने निवाऱ्याची सोय करावी, ही केवढी काटकसर!

फिरत्या घराची हौस आजच्या श्रीमंत देशांतही आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील उंच, कोरड्या पठारांवर काही कुटुंबे मोटारीवर बांधलेल्या घरात बारा महिने राहतात. त्या घरात शेगडी, बिछाना आणि पाण्याची टाकी असते. छपरावर सौर विजेची तावदाने असतात. उन्हाळ्यात ते उंच भागात जातात आणि हिवाळ्यात सखल, उबदार वाळवंटात उतरतात. त्यांनाही रोज तेच प्रश्न पडतात: पाणी किती दिवस पुरेल? दुपारचे ऊन आणि रात्रीची थंडी कशी सोसायची? कोणती वस्तू घ्यावी आणि कोणती टाकावी? आज कोणाच्या जागेवर थांबण्याची परवानगी मिळेल? यंत्राने पुष्कळ सोय केली, पण प्रश्न बदलले नाहीत. आपल्या धनगरांनी हेच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या एक घोडा, एक घोंगडी आणि ऋतूंचे ज्ञान यांच्या बळावर सोडविले आहेत. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. मोटारघरात राहणारी पुष्कळ माणसे ते जीवन आवडीने निवडतात. मेंढपाळाला ते कळपाच्या पोटासाठी स्वीकारावे लागते.

आता कोणी म्हणेल, दुसऱ्याच्या शेतात तळ ठोकायचा, म्हणजे हे लोक फुकटच राहतात की काय? तसे मुळीच नाही. शे-दोनशे मेंढ्या रात्रभर एका शेतात बसल्या, म्हणजे त्यांच्या लेंड्या व मूत्र थेट मातीत मिसळते. गाडीभर शेणखत ओढून आणण्याचे कष्ट वाचतात आणि जमिनीचा कस वाढतो. म्हणूनच शेतकरी ‘शेतात मेंढरे बसविण्यासाठी’ मेंढपाळाला धान्य किंवा पैसे देत आला आहे. मेंढीला चारा मिळाला, शेताला खत मिळाले, मेंढपाळाच्या घरी धान्य आले. कोणाचेच नुकसान झाले नाही. जेथे भातानंतर वाल पेरलेला असतो किंवा जवळ चिकूच्या बागा असतात, तेथे एकही मेंढी आत शिरू नये याची काळजी मेंढपाळाला घ्यावी लागते. कारण पुढल्या वर्षी याच वाटेने यायचे असते. विश्वास गमावला तर वाट बंद होते.

या जीवनाचा विद्वानांनीही आदरपूर्वक अभ्यास केला आहे. गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडिताने धनगरांची दैवते, त्यांच्या चालीरीती व मुखोद्गत ओव्या यांच्या अध्ययनात आयुष्याची अनेक वर्षे घालविली. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील धनगर आणि त्यांच्या भोवतालचा निसर्ग यांचा संबंध शोधला. संयुक्त राष्ट्रसंघाने तर २०२६ हे वर्ष कुरणांचे व पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले.

तरीही ही वाट दिवसेंदिवस अरुंद होत चालली आहे. माळरानांवर वसाहती व कारखाने उभे राहिले. घाटांतील रस्त्यांवर वाहनांची इतकी गर्दी झाली की कळप पलीकडे नेणे जोखमीचे ठरते. रासायनिक खते सुलभ झाल्यामुळे पुष्कळ ठिकाणी लेंडीखताची मागणी घटली. गिरण्यांतील स्वस्त ब्लँकेटे आली आणि दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीला भाव उरला नाही. काही ठिकाणी कातरलेली लोकर तशीच टाकून द्यावी लागते. त्यात ऋतूही पूर्वीसारखे नेमाने वागत नाहीत. डिसेंबर २०२१ च्या आरंभी पुणे आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांत अवकाळी पाऊस व कडाक्याचा गारठा एकाच वेळी आला. उघड्यावरील कळपांना आसरा नव्हता. एकदोन रात्रींत मेंढ्या मोठ्या संख्येने दगावल्या. ज्याचे घरही घोड्यावर आणि धनही चार पायांवर, त्याच्यावर असा प्रसंग आला म्हणजे तो कोणत्या भिंतीआड जाणार?

सर्वांत कठीण प्रश्न मुलांचा आहे. वाड्यातील तुमच्या वयाचा मुलगा शेकडो मेंढ्यांतून आपली आजारी मेंढी दुरून ओळखतो. तुमच्या वयाची मुलगी घोड्यावरचे ओझे समतोल बांधते. ढगांचा रंग व वाऱ्याची दिशा पाहून त्यांना पावसाचा अदमास घेता येतो. हेही शिक्षणच आहे. पण एवढ्याने भागत नाही. सरकारी कागद वाचता आला पाहिजे, हिशेब तपासता आला पाहिजे आणि हवा तो व्यवसाय निवडण्याची मोकळीक मिळाली पाहिजे. काही मुले गावी आजी-आजोबांजवळ किंवा वसतिगृहात राहून शिकतात. काहींची शाळा मात्र वाड्याबरोबर चालता चालता सुटते. वीटभट्टीवरील मुलांचीही हीच कथा आहे.

यावर कायद्याने एक मार्ग दाखविला आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा संसदेने २००९ साली संमत केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला त्यामुळे शाळेत जाण्याचा हक्क मिळाला. वर्षाच्या मध्यावर कोणी आला, किंवा मागील शाळेचा दाखला आणण्यास त्याला उशीर झाला, तरी त्याला प्रवेश नाकारता येत नाही.

परंतु कायदा शाळेचे दार उघडतो; बाकावर सरकून जागा करून देणे हे काम वर्गातील मुलांचे आहे. उद्या तुमच्या वर्गात मार्गशीर्षात एखादा मुलगा येईल आणि वैशाखात निघून जाईल. त्याच्या बोलण्याची ढब निराळी असेल, त्याचे पुस्तक निम्मेच झालेले असेल. त्याला हसू नका. मागे राहिलेले धडे त्याला समजावून द्या, आणि घोड्यावर घर कसे बांधतात हे त्याच्याकडून शिकून घ्या.

अभ्यास

१. पावसाळ्यात मेंढपाळ कोकणात का राहत नाहीत?
२. शेतात मेंढरे बसविल्याने शेतकरी व मेंढपाळ या दोघांचा कोणता लाभ होतो?
३. मोटारघरातील माणसे आणि धनगर यांच्या जीवनातील साम्य व भेद सांगा.
४. ‘विश्वास गमावला तर वाट बंद होते,’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
५. तुमच्या गावात दिवाळीनंतर कोणकोणती माणसे कामासाठी येतात? ती कोठे व कशी राहतात, याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.