कुलपाचा आकडा काय?

मुलांनो, गेल्या महिन्यात रॉचेस्टर शहरात आपल्या वर्गाची शोधमोहीम झाली. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी हा धडा.

जिओकॅशिंग हा खेळ २००० साली सुरू झाला. एकजण डबी लपवतो आणि तिचे अक्षांश-रेखांश कळवतो. बाकीच्यांनी जीपीएसच्या मदतीने ती शोधायची. फोन आपल्याला चार-पाच मीटरपर्यंत नेतो, पुढचे काम डोळ्यांचे! दफनभूमीत डबी लपवणे बरे नव्हे, म्हणून आपली डबी वर्गातच ठेवली, तीन आकडी कुलूप लावून. आकडा मात्र शहरात शोधायचा होता.

खूण १ : कुलूपबंद मतपेटीचे ब्राँझचे शिल्प. ५ नोव्हेंबर १८७२ रोजी सुझन बी. अँथनी यांनी मत दिले, त्याची ही आठवण. तेव्हा न्यूयॉर्क राज्यात स्त्रियांना मताचा हक्क नव्हता. पण घटना सांगते 'नागरिक', आणि स्त्रियाही नागरिकच, असे त्यांचे म्हणणे होते.

खूण २ : १७, मॅडिसन स्ट्रीट. हे त्यांचे घर, आता संग्रहालय. १८ नोव्हेंबरला त्यांना इथेच अटक झाली. जून १८७३ मध्ये खटला चालला. न्यायाधीशांनी ज्यूरीला विचारविनिमय करूच दिला नाही. दोषी ठरवून १०० डॉलर दंड केला. अँथनीबाईंनी तो कधीच भरला नाही.

खूण ३ : माउंट होप दफनभूमी. साधी पांढरी शिळा, त्यावर १८२० आणि १९०६ ही साले. स्त्री आहे म्हणून मत नाकारता येणार नाही, अशी १९वी घटनादुरुस्ती १९२० मध्ये झाली. म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर किती वर्षांनी? वजाबाकी करा.

मुलांनी आधी ८७२ लावून पाहिले. कुलूप उघडले १-०-० ला. आत चिक्की होती!

परतताना गाडीत मुलीने विचारले, "बाबा, तू मागच्या वेळी कोणाला मत दिलंस?" मी नागरिक आहे, नावही नोंदवलेले आहे. त्या दिवशी ऑफिसात काम होते, म्हणून गेलोच नव्हतो. तिला खरे ते सांगितले. ती म्हणाली, "मग पुढच्या वेळी मी तुला घेऊन जाईन." पालकहो, हा धडा आपल्यासाठीही आहे.

शब्दार्थ : दफनभूमी – मृतांना पुरण्याची जागा. शिळा – मोठा दगड. घटना – देशाचा मुख्य कायदा.

गृहपाठ : आजीला फोन करून विचारा, "तू पहिले मत कधी आणि कुठे दिलेस?" उत्तर पाच वाक्यांत लिहा.