ताण
(द्वितीय वर्ष कला)

जालना जिल्ह्यात आमची मोसंबीची दोनशे झाडांची बाग होती. २०१८ साली पावसाने पाठ फिरवली आणि ऑक्टोबरअखेर शासनाने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला. अण्णांनी आईच्या पाटल्या मोडून टँकरचे पाणी घातले, बुंध्याशी पाचट अंथरले. २०१९ च्या पावसाळ्यात जमीन भिजली. तरी निम्म्याहून अधिक झाडे शेंड्याकडून वाळतच गेली. "पाणी द्यायला मलाच उशीर झाला," असे अण्णा आजही म्हणतात.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. भूगोलाच्या तासाला दुष्काळ शिकताना माझ्या मनात एकच प्रश्न होता : पाणी मिळूनही झाड का मरावे? वनस्पतिशास्त्राच्या सरांनी दिलेल्या पुस्तकांतून जे उमगले, ते येथे मांडते.

झाडाला हृदय नसते. मग पाणी शेंड्यापर्यंत चढते कसे? आयर्लंडमधील डिक्सन आणि जॉली या शास्त्रज्ञांनी १८९४ साली याचा उलगडा केला. पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ होऊन जाते आणि तिची जागा घेण्यासाठी मागचे पाणी वर ओढले जाते. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यामुळे खोडातील केसासारख्या नळ्यांतून, मुळापासून पानापर्यंत, पाण्याचा जणू अखंड धागाच ताणलेला असतो.

जमीन कोरडी पडली की हा ताण वाढतो. झाड रंध्रे मिटून घेते. पण मग कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही व अन्न तयार होणे थांबते. तहान टाळावी तर उपासमार! ताण हद्दीबाहेर गेला की नळीत हवा शिरते आणि धागा तुटतो. १९६६ साली मिलबर्न आणि जॉन्सन यांनी एरंडात हे धागे तुटतानाचे आवाज उपकरणाने टिपले. हवा भरलेली नळी निकामी होते. अशा बहुतेक नळ्या गेल्यावर पाऊस पडूनही पाणी वर पोचत नाही. रस्ताच खचला, तर गाडी गावात येणार कशी?

साग उन्हाळ्यात पाने टाकून पाण्याचा खर्च वाचवतो. मोसंबी सदाहरित, तिची मुळेही फार खोल नाहीत. पण दुबळी ती एकटीच नव्हे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातील ८१ ठिकाणच्या २२६ वृक्षजाती तपासल्या गेल्या. त्यांपैकी ७० टक्के जाती या धोक्याच्या रेषेलगतच जगतात असे आढळले.

गंमत अशी, की 'ताण' हा शब्द अण्णांना पुस्तकाआधीच ठाऊक होता. बहार धरण्यासाठी आपण मोसंबीचे पाणी तोडतो, तोही ताणच. मोजका ताण फुले आणतो, अति ताण धागा तोडतो.

दिवाळीच्या सुटीत हे सारे मी अण्णांना सांगितले. म्हटले, "तुमची चूक नव्हती. पान हिरवे दिसत असतानाच आत नळ्या तुटू लागतात." ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे दुष्काळी साली बहारच धरायचा नाही. आधीच छाटणी करायची, अन् थोडं थोडं पाणी पहिल्यापासून द्यायचं."

उरलेल्या झाडांसाठी याहून वेगळे मला तरी काय सांगायचे होते?