डोळ्यांत पाणी, पण कसलं?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. चुलते वारले, तेव्हा भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी रडणारे चेहरे टाकले, चांगले पाच-सहा. तेव्हापासून चुलतभाऊ बोलत नाही. माझं काय चुकलं?
– एक वाचक, राहुरी

उत्तर : गुरुजी, तो चेहरा पुन्हा नीट पाहा. तोंड उघडं, दात दिसतायत आणि दोन्ही डोळ्यांशी थेंब? मग ते हसून हसून आलेलं पाणी! रडक्या चेहऱ्याचं तोंड खाली वळलेलं असतं, गालावर एकच थेंब. ही गफलत अनेकांची होते, मनाला लावून घेऊ नका. हाच हसरा चेहरा ऑफिसच्या ग्रुपवर टाकल्यावरून २०१८ मध्ये प्रकरण थेट मद्रास उच्च न्यायालयात गेलं होतं. तुमचं घरातच मिटेल.

साधारण अडीच दिवसांत मेसेज सगळ्यांच्या फोनवरून पुसता येतो. आता ती मुदत गेली असणार. ग्रुपवर खुलासा लिहीत बसू नका, त्यावर पुन्हा चित्रंच येतील. चुलतभावाच्या घरी जा, मोबाइल उघडून दाखवा. पुढच्या वेळी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि फार तर एकदाच जोडलेले हात. पाच-सहा चेहरे दुःखातही थट्टेसारखे दिसतात. आणि निधनाच्या बातमीखाली अंगठा तर नकोच.