शब्बाथ व आठवण

दहा आज्ञा पवित्र शास्त्रात दोन ठिकाणी आहेत. परंतु शब्बाथाच्या आज्ञेचे कारण दोन्हीकडे एकच नाही. निर्गमाच्या 20 व्या अध्यायात सृष्टी निर्माण केल्यावर देवाने घेतलेला विसावा हे कारण सांगितले आहे. अनुवादाच्या 5 व्या अध्यायात मात्र मिसरातील दास्यातून झालेली सुटका पुढे केली आहे. दासाला विसाव्याचा दिवस कोठला? विटांचा हिशेब त्याला रोजच्या रोज द्यावा लागे. म्हणूनच तेथे दास, दासी, बैल व गाढव यांनाही विसावा सांगितला आहे. मालकाने ओसरीवर बसावे आणि गड्याला शेतात पिटाळावे, हे शब्बाथ पाळणे नव्हे.

आपण आठवड्याचा पहिला दिवस पाळतो, कारण त्या दिवशी प्रभू उठला. परंतु आठवणीचे काम तेच आहे. तेव्हा उपासनेहून घरी आल्यावर घटकाभर स्वस्थ बसावे व आपण कशातून सुटलो हे एकेक आठवावे: दारू, भुताखेतांचे भय, भावाशी धरलेला अबोला. जे अद्याप सुटले नसेल तेही देवापुढे मांडावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना उपदेशकाने हे दोन्ही अध्याय सावकाश वाचून दाखवावेत, आणि मग आपणही थोडा वेळ गप्प राहावे. हे शेवटले आम्हां उपदेशकांना फार जड जाते.